आठवी शिंक

मे महिन्यात आमच्या हाएनच्या उतारांवर
ऑलिव्हची झाडं पिवळट धूर सोडतात.
परगावचा माणूस मोटार थांबवून फोटो काढतो.
तोवर माझा तिसरा रुमाल भिजलेला असतो.

मुलखात झाडं किती ते सरकारला ठाऊक.
आमची चारशे अकरा.
त्यातली साठ मी लग्नात आणलेली,
म्हणजे माझ्याच माहेरची झाडं
रात्री माझ्या नाकात येऊन बसतात.

"ऑलिव्हवर वाढलेल्या बाईला ऑलिव्हचीच बाधा!"
कासिमिरो पहिल्या वर्षी पोट धरून हसला.
तेव्हा मी छत्तीसची होते.

मग त्या रात्री सुरू झाल्या.
आडवं व्हावं तर एक नाकपुडी बंद,
कूस बदलावी तर दुसरी.
टाळूला आतून कुणी गवताची काडी फिरवावी तशी खाज,
जीभ पुरत नाही, बोट पोचत नाही.
दोनचा टोला. अडीचचा.
तोंड उघडं, घशाला कोरड,
आणि डोळा लागतो न लागतो तोच
ओळीने सात शिंका.
मोजल्यात मी. आठवी
येते येते म्हणत येत नाही,
तिचीच वाट बघत उजाडतं.

झोप गेली की ती एकटी जात नाही.
डाळीत मीठ दोनदा पडतं,
चर्चमध्ये उभ्या उभ्या मान पडते,
शेजारणीच्या साध्या प्रश्नाला मी वसकन ओरडते.
बिचारी उसनी अंडी परत करायला आली होती.

सव्वीस वर्षं मी याला नशीब म्हणत होते.

यंदा दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली, नूरिया,
माझ्या मुलीहूनही लहान.
गोळी तिने सकाळची संध्याकाळवर नेली,
आणि झाडांचं काही न बोलता
विचारलं, चादरी कुठे वाळवता?
गच्चीवर, मी म्हटलं. आई वाळवायची तशा, वाऱ्यावर.
"म्हणजे रोज रात्री तुम्ही
अंगावर बाग पांघरून झोपता."

आता चादरी जिन्यात वाळतात,
मांजर त्यांच्यातून शिकार खेळतं.
दिवसा खिडक्या बंद, मग बाहेर कितीही छान असो.
दोन उशा डोक्याखाली, तिसरी पाठीशी.
पाणी उकळायचं, मीठ घालायचं, कोमट होऊ द्यायचं,
मोरीवर वाकून एका नाकपुडीतून ओतायचं.
पहिल्या दिवशी वाटलं, बुडालेच.
आणि रात्री दहाला केस धुवायचे.
बासष्टीची बाई ओल्या केसांनी झोपायला जाते
हे आईला कळलं तर ती कबरीत पाठ फिरवेल.

एवढं सगळं झालं, आणि तरी
कासिमिरोच्या मानेवर, भुवयांत, कानामागे
अख्खा उतार घरी यायचा.

म्हणून मीच सांगितलं. तीन आठवडे, फुलोरा सरेपर्यंत.
तो काही बोलला नाही.
बूट आणि शर्ट खेचराच्या रिकाम्या तबेल्यात ठेवले,
अंघोळ केली,
आणि हॅम्बुर्गला गेलेल्या रेमेडिओसच्या खोलीत
तिच्या आखूड पलंगावर
पाय बाहेर काढून झोपला.

त्या रात्री नाकातून हवा गेली,
आरपार, जशी गल्लीतून जाते.
मी अंधारात नुसती श्वास घेत पडले,
पैसे मोजावेत तशी.
घर इतकं शांत
की स्वयंपाकघरातलं घड्याळ मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

बाराच्या सुमाराला भिंतीवर टकटक.
"एन्ग्रासिया, जागी आहेस?"
आहे.
"बरी आहेस ना?"
बरी आहे.
बराच वेळ काही नाही. मग,
"शिंकत का नाहीस?
मला झोप येईना."

सव्वीस वर्षं हा माणूस
माझ्या सात शिंकांच्या पायऱ्या उतरत
झोपेत जात होता,
आणि मी त्याच्या घोरण्यावर चिडत होते.

मी उशीत तोंड खुपसून हसले.
मग उठून बसले, छाती भरून घेतली,
आणि भिंतीकडे तोंड करून
एक खोटीच, पण दणदणीत, शिंक दिली.

"देव भलं करो," पलीकडून आवाज आला,
अर्धा झोपेतच.